इतिवृत्तात ‘वक्ता २’ऐवजी नाव हवं असेल तर: आवाजाचे ठसे कसे नोंदवायचे

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीची मासिक सभा दीड तास चालते. फोनवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला दिलं की लेखी मजकूर मिळतो, पण तो असा:

वक्ता २: लिफ्टच्या एएमसीसाठी तीन कोटेशनं मागवा.
वक्ता ४: मागवलीत की.
वक्ता २: कधी?
वक्ता १: अनुमोदन.

सेक्रेटरीला इतिवृत्तात सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते नावानिशी लिहायचं असतं. ‘वक्ता १’ म्हणजे सी विंगचे काका की खजिनदार, हे शोधायला पुन्हा दीड तास ऐकत बसावं लागतं. ते टाळण्यासाठी कार्यकारिणीतल्या प्रत्येकाच्या आवाजाचा ठसा आधीच नोंदवून ठेवायचा. काम अवघड नाही. मात्र घाईघाईत केलं तर सॉफ्टवेअर छातीठोकपणे चुकीची नावं लावतं, आणि इतिवृत्तात चुकीचं नाव असण्यापेक्षा नाव नसलेलं बरं. पुढची सगळी पद्धत याच हिशोबाने मांडली आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

आवाज वेगळे करणं हे एक काम आणि त्यांना नाव देणं हे दुसरं. पहिल्या कामात सॉफ्टवेअर फक्त ‘हा आणि तो निराळे’ एवढंच सांगतं, त्याला डायरायझेशन म्हणतात. दुसऱ्या कामात वेगळा काढलेला आवाज आधी नोंदवलेल्या ठशांशी ताडून पाहिला जातो. पहिलं काम बिघडलं तर दुसरं कितीही चांगलं असून उपयोग नाही: दोन माणसं एकाच ‘वक्ता ३’मध्ये मिसळली, तर त्या गठ्ठ्याला कुठलंही नाव दिलं तरी निम्मं चूकच.

‘नमुना’ आणि ‘ठसा’ हेही निरनिराळे. नमुना म्हणजे माणसाचं रेकॉर्डिंग. ठसा म्हणजे त्या रेकॉर्डिंगमधून मॉडेलने काढलेली आकड्यांची यादी. स्पीचब्रेन या मोफत सॉफ्टवेअर-संचातलं ईकॅपा हे आवाज ओळखणारं मॉडेल एका आवाजाचे १९२ आकडे देतं, म्हणजे फाइल एक केबीचीही होत नाही. या आकड्यांतून रेकॉर्डिंग परत वाजवता येत नाही, पण माणूस ओळखता येतो. म्हणून ठसाही नमुन्याइतकाच जपायचा.

सभेला सगळे आपापल्या फोनवरून झूमवर किंवा टीम्सवर येत असतील, तर यातलं काहीच करू नका. तिथे नाव खात्यावरून लागतं. गरज पडते ती एका खोलीत एकाच माइकसमोर दहा-अकरा जण बसतात तेव्हा, किंवा चौघं एकाच लॅपटॉपसमोर बसून ऑनलाइन आलेले असतात तेव्हा. एरवी त्या चौघांचं बोलणं लॅपटॉपच्या मालकाच्या नावावर जातं. ज्या ऑफिसात टीम्स आहे तिथे प्रत्येकाला सेटिंग्जमध्ये स्वतःची व्हॉइस प्रोफाइल नोंदवता येते, फक्त अ‍ॅडमिनने ती सोय चालू ठेवलेली हवी. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आधी आयटीवाल्यांना विचारावं. खालची पद्धत आहे ती सोसायटी, मंडळ किंवा छोट्या कारखान्यासाठी, स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायची.

संमती कागदावर घ्या

२०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिकच्या व्याख्येत बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या जोडीने आवाजाची ठेवणही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी घेता ते आधी सांगावं लागतं, आणि संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं लागतं. कायद्याचा कीस काढण्यापेक्षा सरळ अर्ध्या पानाचं पत्र करून सही घ्या. मजकूर असा चालेल:

‘सभेच्या रेकॉर्डिंगमधील माझा आवाज ओळखून इतिवृत्ताच्या मसुद्यात माझे नाव लावण्यासाठी माझ्या आवाजाचा नमुना घेऊन त्याचा ठसा तयार करण्यास माझी संमती आहे. नमुना व ठसा अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये. मी लेखी कळवल्यास सात दिवसांत दोन्ही नष्ट करावेत. संमती न दिल्यास माझ्या सभासदत्वाच्या हक्कांवर परिणाम होणार नाही.’

एखादा सभासद नाही म्हणाला तर आग्रह करू नका. त्याचं बोलणं मसुद्यात ‘अनोळखी’ म्हणून येईल आणि सेक्रेटरी हाताने नाव लिहील, एवढाच फरक. जुन्या सभेच्या रेकॉर्डिंगमधून कुणाला न विचारता आवाज कापून ठसा बनवायचा मोह बहुतेकांना होतो. तो आवरा.

नमुना घेताना

सगळं यश-अपयश इथे ठरतं, म्हणून वेळही इथेच घालवा. एका माणसाला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे अकरा जणांचं काम दोन दिवसांत सहज होतं.

नमुना घ्यायचा तो सभा जिथे होते त्याच खोलीत, त्याच माइकवर, माणूस नेहमी बसतो त्या खुर्चीवरून. मॉडेलला फक्त गळा ऐकू येत नाही. खोलीचा घुमारा, माइकचा स्वभाव, पंख्याची घरघर हे सगळं थोडंथोडं त्या १९२ आकड्यांत उतरतं. सोसायटीचं ऑफिस बहुधा तळमजल्यावर: टाइल्सची जमीन, उघड्या भिंती, लोखंडी कपाट, आवाज चांगलाच घुमतो. घरच्या सोफ्यावर तोंडाजवळ फोन धरून दिलेला नमुना या खोलीतल्या आवाजाशी जुळताना गुण कमी पडतात. सभेत पंखा चालू असतो ना? मग नमुन्याच्या वेळीही चालू ठेवा.

त्याच कारणाने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट मागवू नका. ती दाबून लहान केलेली असते, आणि फोनने परस्पर गोंगाट गाळलेला असला तर आवाजाचे बारकावेही त्याबरोबर जातात. फाइल व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी पोचते.

माइक म्हणून चारही बाजूंचा आवाज घेणारा यूएसबी कॉन्फरन्स माइक उत्तम. नसेल तर फोन चालतो, पण फ्लाइट मोडवर टाकून, कारण ऐन ठरावाच्या वेळी कॉल आला की बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फोन टेबलाच्या मधोमध, खाली घडी केलेला नॅपकिन. नुसत्या सनमायकावर ठेवला तर चहाचा कप ठेवल्याचा आवाजही हातोडा मारल्यासारखा येतो.

बोलायला काय सांगायचं? अशा मॉडेलना ठरावीक वाक्य लागत नाही, पण वेगवेगळे ध्वनी आणि माणसाचा नेहमीचा सूर लागतो. वाचताना माणूस शाळेतल्यासारखा ताठ वाचतो, सभेत बोलतो ते निराळंच. म्हणून तीन तुकडे घ्या, प्रत्येकी वीस ते तीस सेकंदांचे.

पहिला तुकडा वाचनाचा. हा उतारा चालेल, यात च-चे दोन्ही उच्चार, ळ, झ, ठ, भ असं बरंच काही येतं:

‘तळमजल्याच्या टाकीचं झाकण उघडंच राहिलं म्हणून वॉचमनने प्लंबरला फोन केला. बॉलकॉक अडकल्यामुळे पाणी भळाभळा वाहत होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकू ओरडून म्हणाल्या, आधी पंप बंद करा, मग झाडझूड करा. अर्ध्या तासाने नळाला पिवळसर पाणी आलं. ते कुणी पिऊ नये अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये चिकटवली.’

दुसरा तुकडा प्रश्नोत्तराचा. ‘गेल्या पावसाळ्यात तुमच्याकडे गळती कुठे झाली?’ किंवा सरळ ‘पार्किंगचं काय करायचं?’ असं विचारा. पार्किंगचा विषय काढला की माणूस माइक विसरतो आणि खरा आवाज बाहेर येतो. तुम्ही मात्र मध्ये हं-हं करू नका, तेही त्याच्या ठशात जातं.

तिसरा तुकडा शक्यतो दुसऱ्या दिवशी घ्या, आणि माणूस सभेत हिंदीतही बोलत असेल तर हा हिंदीत घ्या. आपल्याकडे एकाच वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी येतंच. भाषा बदलली की सूरही थोडा बदलतो. दोन दिवसांचे नमुने असले की सकाळचा जड आवाज आणि संध्याकाळचा मोकळा आवाज दोन्ही ठशात येतात. सर्दी-खोकला असेल तर पुढे ढकला. तोंडात तंबाखू किंवा सुपारी असेल तर आधी चूळ भरायला सांगा, हे सांगायला जरा संकोच वाटतो, पण सांगा.

फाइल तपासणं

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. फाइल उघडून आलेख बघा. लाटा वरखाली कडेला टेकून सपाट झालेल्या दिसल्या तर आवाज फाटलाय. तो नंतर दुरुस्त होत नाही, माइक लांब करून पुन्हा घ्या. सगळ्यात उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असलं की ठीक. सुरुवातीची-शेवटची शांतता, खुर्चीची करकर, रिक्षाचा हॉर्न कापून टाका. कापून झाल्यावर तिन्ही तुकडे मिळून निव्वळ बोलणं एक मिनिट उरलं पाहिजे. वीस सेकंदांच्या खाली उरलं तर ठसा बनवू नका.

मग ट्रॅक्स मेनूतून स्टीरिओचं मोनो करा, सँपल रेट १६,००० हर्ट्झ ठेवा आणि वेव्ह फाइल म्हणून साइन्ड १६-बिट पीसीएममध्ये एक्सपोर्ट करा. मिनिटाला सुमारे दोन एमबी होतात. बोलणं लिहून काढणाऱ्या व्हिस्पर सॉफ्टवेअरलाही आवाज १६,००० हर्ट्झवरच लागतो, त्यामुळे नमुने आणि सभा एकाच साच्यात राहतात. नॉइज रिडक्शनचं बटण दाबू नका. नमुना स्वच्छ केला आणि सभेचं रेकॉर्डिंग तसंच ठेवलं, तर दोघांमधली दरी आपणच वाढवली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ट्रकची खालच्या सुरातली घरघर फारच असेल, तर ८० हर्ट्झच्या खालचा भाग गाळा, पण तो नमुन्यातूनही आणि सभेतूनही.

फाइलचं नाव विंग, फ्लॅट आणि तुकड्याचा क्रमांक असं ठेवा: ‘सी-३०२-१’. आडनावं ठेवलीत की दोन पाटलांमध्ये गोंधळ होतोच.

ठसा तयार करणं आणि उंबरठा ठरवणं

पायथन बसवलेला साधा लॅपटॉप पुरतो. आवाज वेगळे करायला पायअ‍ॅनोट, लिहून घ्यायला व्हिस्पर, ठशासाठी स्पीचब्रेनचं ईकॅपा. पायअ‍ॅनोटची मॉडेल हगिंग फेसच्या साइटवरून घ्यावी लागतात, त्यासाठी खातं उघडून अटी मान्य कराव्या लागतात आणि टोकन (डाउनलोडच्या परवानगीचा कोड) बनवावं लागतं. नवख्यांची गाडी इथेच अडते: ३.१ आवृत्तीत मुख्य पाइपलाइन आणि तिच्या आतलं सेगमेंटेशन (बोलण्याचे तुकडे पाडणारं) मॉडेल, दोन्हींच्या पानांवर जाऊन वेगवेगळं ‘मान्य’ करावं लागतं. एकदा डाउनलोड झालं की पुढे सगळं आपल्याच मशीनवर चालतं, आवाज बाहेर जात नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर व्हिस्परचं मोठं मॉडेल दीड तासाच्या सभेला बराच वेळ खातं. रात्री लावून झोपा. ठसे मात्र काही सेकंदांत होतात.

तिन्ही तुकड्यांचे वेगवेगळे ठसे काढा, प्रत्येक यादीची गणिती लांबी (आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) एकावर आणा, मग सरासरी काढून ती पुन्हा एकावर आणा. तो त्या माणसाचा ठसा. दोन ठशांची तुलना कोसाइन गुणाने होते: १ म्हणजे तंतोतंत, ० च्या आसपास म्हणजे संबंध नाही.

आता उंबरठा, म्हणजे किती गुण मिळाले की नाव लावायचं. स्पीचब्रेनमध्ये तो मुळात ०.२५ दिलेला असतो. तो जसाच्या तसा वापरू नका. ते मॉडेल शिकलंय व्हॉक्ससेलेबवर, म्हणजे यूट्यूबवरच्या नामवंतांच्या मुलाखतींवर. तळमजल्याच्या घुमणाऱ्या खोलीतल्या मराठीवर नाही. शिवाय तो आकडा ‘हे दोन आवाज एकाच माणसाचे का’ या प्रश्नासाठी आहे, अकरांतून एक निवडण्यासाठी नाही.

स्वतःचा उंबरठा असा काढा. ठशासाठी वापरले नाहीत असे प्रत्येकाचे दोन छोटे तुकडे, पाच-सहा सेकंदांचे, बाजूला ठेवलेले असू द्या. अकरा जणांचे २२ तुकडे गुणिले ११ ठसे, म्हणजे २४२ गुण. त्यातले २२ ‘स्वतःशी स्वतः’, उरलेले २२० ‘दुसऱ्याशी’. एक्सेलमध्ये मांडा. स्वतःशी असलेल्यांत सगळ्यात कमी कोण आणि दुसऱ्याशी असलेल्यांत सगळ्यात जास्त कोण, हे दोनच आकडे बघायचे. समजा ते ०.४९ आणि ०.३७ आले, तर उंबरठा ०.४३ ठेवा. दुसऱ्याशी असलेला आकडा वर चढून पहिल्यालाच ओलांडत असेल, तर कुठली जोडी ते बघा. बहुधा बाप-लेक किंवा दोघे भाऊ निघतात, नाहीतर कुणाच्या तरी नमुन्यात दुसऱ्याचा आवाज शिरलेला असतो. नमुना पुन्हा घेऊनही जोडी सुटली नाही, तर त्या दोघांची नावं आपोआप लावायचीच नाहीत. मसुद्यात ‘अमुक किंवा तमुक’ येऊ द्या.

दुसरी अट फरकाची. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या नावात किमान ०.०८ तरी अंतर हवं, नाहीतर ‘अनोळखी’. हा आकडा सुरुवातीसाठी धरा, दोन-तीन सभांनंतर स्वतःचा ठरवा.

आणि ज्यांचे ठसे नाहीत अशा चार-पाच जणांचे तुकडेही चालवून बघा, त्यांना विचारूनच: मॅनेजर, वॉचमन, लिफ्टचा मेकॅनिक. यांपैकी कुणालाही सदस्याचं नाव लागलं तर उंबरठा वर न्या. ही चाचणी सहसा कुणी करत नाही. मग सभेत माहिती द्यायला आलेला कंत्राटदार इतिवृत्तात खजिनदार होऊन बसतो.

सभेच्या दिवशी

सुरुवातीलाच रेकॉर्डिंग चालू असल्याचं चेअरमनने मोठ्याने सांगावं, म्हणजे ते टेपवरही येतं. डायरायझेशनला वक्त्यांची संख्या ठोक देऊ नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त द्या: अकरा जण हजर असतील तर ५ ते १३. काही जण पूर्ण सभेत तोंड उघडत नाहीत, आणि ठोक अकरा सांगितलं तर सॉफ्टवेअर एका माणसाचे दोन तुकडे करून संख्या भरून काढतं.

नाव लावताना एकेक वाक्य ताडू नका. एका वक्त्याच्या गठ्ठ्यातले तीन सेकंदांपेक्षा मोठे, स्वच्छ तुकडे निवडून त्यांची सरासरी ताडा. मग उलटतपासणी म्हणून मोठे तुकडे एकेकटे चालवा. त्यांतले निम्मे वेगळंच नाव सांगत असतील तर त्या गठ्ठ्यात दोन माणसं आहेत.

खरी अडचण येते ती त्या ‘अनुमोदन’ शब्दाची. इतिवृत्तात ज्याचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, तो माणूस सेकंदभरात एक शब्द बोलून गप्प. एवढ्याशा आवाजावर कुठलंही मॉडेल भरवशाचं नाव देत नाही, आणि त्याच क्षणी दोघं-तिघं एकदम ‘अनुमोदन, अनुमोदन’ म्हणत असतात. पायअ‍ॅनोटचं ३.० सेगमेंटेशन एका वेळी दोनच आवाज एकमेकांवर चढलेले ओळखतं, तिसरा गेलाच. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, सभेच्या शिस्तीत आहे. चेअरमनने विचारायचं, ‘अनुमोदन कोण देतंय?’ आणि एकानेच म्हणायचं, ‘मी, सी विंग तीनशे दोन, या ठरावाला अनुमोदन देतो.’ आता आवाज तीन-चार सेकंदांचा झाला आणि फ्लॅट नंबर मजकुरातही उतरला. ठसा चुकला तरी शब्द सापडतात.

मसुदा तयार झाल्यावर सेक्रेटरीने सगळं ऐकायची गरज नाही. ठराव, सूचक, अनुमोदक, विरोध आणि रकमा, एवढ्याच जागा कानाने तपासायच्या. लांब शांततेत व्हिस्पर कधीकधी न बोललेलं वाक्यही लिहून टाकतं, त्यामुळे चहाच्या वेळचा मजकूर सरळ खोडा. फोन स्पीकरवर ठेवून कुणी बाहेरगावाहून बोललं असेल, तर त्याचं नाव हातानेच लिहा. फोनच्या लाइनवरून आलेला आवाज खोलीतल्या ठशाशी जुळेलच असं नाही.

नंतरची देखभाल

ठसा त्या मॉडेलपुरताच असतो. मॉडेल बदललं की जुने आकडे नव्याशी ताडता येत नाहीत, नमुन्यांवरून सगळे ठसे पुन्हा काढावे लागतात. माइक किंवा खोली बदलली तर नमुनेच नव्याने घ्या. ऑफिसवर पत्र्याची शेड असेल तर जुलैतल्या सभेला गुण घसरणार. तेवढ्यासाठी उंबरठा खाली आणू नका, पावसात एक जादा नमुना घेऊन ठशात मिळवा. काही अ‍ॅपमध्ये मजकुरातल्या वक्त्याला नाव दिलं की अ‍ॅप स्वतःच ठसा सुधारत राहतं. तिथे एकदा चुकीचं नाव दिलं की चूक मुरत जाते, म्हणून कान देऊन ऐकल्याशिवाय नाव देऊ नका.

नमुने आणि ठसे पासवर्ड लावलेल्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, सोसायटीच्या कॉम्प्युटरवर. सेक्रेटरीच्या खाजगी लॅपटॉपवर किंवा ग्रुपवर नको. या ठशांवर दरवाजे उघडणं, मतदान मोजणं असली कामं करू नका. नक्कल केलेला किंवा रेकॉर्ड केलेला आवाज ओळखण्यासाठी हे बनलेलंच नाही. फ्लॅट विकून कुणी गेलं किंवा कार्यकारिणी बदलली, की त्यांचे नमुने आणि ठसे दोन्ही पुसायचे, बॅकअपच्या पेन ड्राइव्हमधूनही, आणि संमतीच्या कागदावर ‘नष्ट केले’ असं तारखेसह लिहून सही करायची.